गाडीचा सायबान : सावली कुणासाठी?

उर्दूत ज्याला आपण सायबान म्हणतो, तोच शब्द मराठीत सायवान होऊन आला. साया म्हणजे सावली. भिंतीला टेकवून पुढे काढलेले, दोन खांबांवर उभे असलेले छत म्हणजे सायबान. आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या घरांपुढे असे पत्र्याचे सायवान अजून दिसते. दुपारी त्याखाली दादी तसबीह घेऊन बसते, पोरे गोट्या खेळतात, आल्या-गेल्याला तिथेच पाणी दिले जाते. घरात नाही आणि रस्त्यावरही नाही अशी ती मधली जागा असते.

आता हा सायबान गाडीला लावूनही मिळू लागला आहे. टपावरच्या कॅरिअरला एका बाजूने लांबट पिशवी किंवा पेटी बसवायची, मुक्कामाला पोहोचल्यावर चेन उघडून आतले कापड बाहेर ओढायचे, दोन पाय जमिनीवर सोडायचे, की गाडीच्या अंगाला पडवी तयार. मोबाइलवर त्याच्या जाहिराती येतात, तरुण मुले त्या घरात दाखवतात, आणि मग प्रश्न पडतो की घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता? दोघा-तिघा वाचकांनी हाच प्रश्न या सदराकडे पाठवला, म्हणून या महिन्यात तो विषय घेते.

माझे उत्तर आधीच सांगून टाकते. सायबान गाडी पाहून निवडू नये, किंमत पाहून तर नाहीच नाही. त्याखाली कोण बसणार आहे ते पाहून निवडावा. घरात ज्या माणसाला उठणे-बसणे सर्वांत अवघड जाते, त्याच्या सोयीचा तोच खरा सायबान.

'तुम्ही जा, मी घरीच बरी'

कुठे जायचा बेत ठरला की घरातली एक व्यक्ती हमखास म्हणते, 'तुम्ही जा बेटा, मी घरीच बरी.' ती बहुधा दादी असते, नानी असते, नाहीतर तान्हे मूल असलेली सून. गुडघे दुखत असतील, प्रवास सोसत नसेल, असे आपण समजतो आणि विषय सोडून देतो. मी आमच्या अम्मीला एकदा नीट विचारले. त्या म्हणाल्या, 'गाडीत बसायला मला काय होतंय? पण उतरून मी बसू कुठे?'

त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. पुरुष मंडळी झाडाखाली उभी राहतात, टपरीवर चहा घेतात. मुले पळत सुटतात. बायका मात्र उन्हात तापलेल्या गाडीत दारे उघडी टाकून बसतात, किंवा जेवण वाढायच्या निमित्ताने उन्हातच राहतात. वजू करायला आडोसा नाही, बाळाला पाजायला आडोसा नाही, पाय पसरायला जागा नाही. दोन सहली अशा झाल्या की तिसऱ्या वेळी ती बाई स्वतःच नको म्हणते. ती का थांबली ते कुणी विचारत नाही, आणि हळूहळू घरच्या फोटोंतून ती नाहीशी होते. पाच-सहा हात कापड आणि दोन काठ्या यांवर हे टळू शकत असेल, तर या खरेदीकडे हौस म्हणून पाहून चालणार नाही.

ऋतू बदलतो, तारीख फिरते

आपल्या घरांचे प्रवास तरी कोणते? कुणी उरुसाला जाते, कुणी इज्तेमाला, कुणी लग्नाला. पावसाळ्यात नळदुर्गला पाणी महालावरून कोसळणारे नर-मादी धबधबे पाहायला निम्मा जिल्हा लोटतो. कुणी परंड्याचा किल्ला पाहते, कुणी मुलांना घेऊन तेरचे वस्तुसंग्रहालय.

यातले बरेच प्रवास चंद्राच्या तारखेने ठरतात. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून आपल्या तारखा दर वर्षी तितक्या मागे सरकतात आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाज यांच्या उरुसाचे उदाहरण घ्या. तो जिल्कादच्या १५ तारखेला सुरू होतो. २०१५ मध्ये तो ऑगस्टच्या अखेरीस, पावसाळ्यात आला होता. २०२५ मध्ये तो मे महिन्यात, उन्हाळ्यात आला. आणखी आठ-दहा वर्षांनी तो थंडीत येईल. त्यामुळे आज उन्हासाठी घेतलेला सायबान काही वर्षांनी पावसात आणि पुढे थंड वाऱ्यात उभा करावा लागेल. फक्त एका मोसमाचा विचार करून पैसे घालू नयेत.

प्रकार किती, कुणाला कोणता

पहिला प्रकार बाजूला ओढायचा सायबान. साधारण दोन मीटर बाहेर येणारा आणि अडीच मीटर लांब. पिशवीसकट त्याचे वजन दहा ते पंधरा किलो भरते. दोन माणसे पाच-दहा मिनिटांत तो उभा करतात. पाच-सहा जणांच्या घराला दस्तरखान अंथरून बसायला एवढी जागा पुरते. बोलेरो, स्कॉर्पिओ, क्रूझर यांसारख्या उंच गाडीला तो चांगला शोभतो.

दुसरा पंख्यासारखा उलगडणारा. तो गाडीच्या बाजूने निघून मागच्या दारालाही वळसा घालतो. सावली भरपूर मिळते, पण वजन आणि किंमत दोन्ही बरीच जास्त, आणि सगळा भार टपाच्या एकाच कडेला येतो. महिन्यातून दोनदा बाहेर पडणाऱ्याने याचा विचार करावा. वर्षातून तीनदा जाणाऱ्या घराला त्याची गरज नाही.

तिसरा मागच्या दाराचा तंबू. डिकीचे दार वर उघडायचे आणि त्यावरून कापडी खोली ओढून घ्यायची. तिन्ही बाजूंनी आडोसा मिळतो, म्हणून बाळाला पाजायला, कपडे बदलायला हा उत्तम. अडचण एवढीच की डिकीचे दार ज्या दोन दांड्यांवर तोलले जाते, त्या दाराच्याच वजनासाठी बनवलेल्या असतात. वर पाणी साचले किंवा वारा भरला तर दार खाली येते. डोक्याखालची जागा मोकळी ठेवावी आणि पावसात याच्यावर विसंबू नये.

चौथा टपावरचा तंबू. शिडीने वर चढून झोपायचे. जाहिरातीत हाच सर्वांत जास्त दिसतो. त्याचे वजन ५० किलोच्या वर सहज जाते आणि लहान गाड्यांच्या टपाला ते झेपत नाही. पण वजनाच्या आधी दुसरा प्रश्न विचारावा, की रात्री दोन वाजता दादी त्या शिडीवरून खाली कशी उतरणार? आपल्या घरांसाठी हा प्रकार इथेच बाद होतो.

पाचवी आपली ताडपत्री. हिला कुणी जाहिरातीत दाखवत नाही, पण लहान गाडी असलेल्या घरासाठी माझे पहिले मत हिलाच आहे. कारण उंचीत आहे. छोट्या गाडीचा टप जमिनीपासून जेमतेम पाच फूट असतो. त्याला बाजूचा सायबान लावला तर गाडीजवळ कुणी ताठ उभे राहू शकत नाही, नमाजलाही नाही. ताडपत्री मात्र टपावरून पलीकडे ओढून घेता येते, आणि अलीकडची कड सात फुटांच्या दोन काठ्यांवर उंच करता येते. उतार गाडीकडे राहतो, पाऊस आलाच तर पाणी टपावरून पलीकडे उतरते, आणि गाडीही सावलीत राहते. बारा बाय पंधरा फुटांची ताडपत्री, दोन काठ्या, सहा मेखा आणि दोरी, एवढ्यात काम होते.

एक काळजी मात्र घ्यावी. ताडपत्रीची दोरी पलीकडच्या चाकाला बांधायचा मोह होतो. बांधली तर दोर सोडण्याचे काम त्याच माणसाकडे ठेवा ज्याच्या खिशात किल्ली आहे, म्हणजे बांधलेल्या दोरीसकट गाडी सुरू होणार नाही.

कापड कसे ओळखावे

दुकानात ताडपत्रीचा दर्जा जीएसएमवर सांगतात. एक चौरस मीटर कापड किती ग्रॅमचे, तो हा आकडा. ८०-१०० ची ताडपत्री हलकी असते, एखादा मोसम टिकते. १५० ते २०० ची घ्यावी. ती उचलायला जड नाही आणि फाटतही नाही लवकर. कडेच्या रिंगा हाताने ओढून पाहा, रिंगेभोवती कापड दुहेरी आहे का ते पाहा. फाटायला सुरुवात होते ती तिथूनच.

रंगाचाही विचार करावा. वरून रुपेरी किंवा पांढरे असलेले कापड ऊन परतवते. गडद निळे किंवा काळे प्लॅस्टिक तापते आणि खाली बसणाऱ्याच्या डोक्यावर भट्टी पेटल्यासारखे होते. गाडीच्या सायबानात कॅनव्हास आणि पॉलिस्टर अशी दोन कापडे येतात. कॅनव्हास जड, पण त्याखाली गारवा चांगला. ते ओले गुंडाळून ठेवले तर बुरशी धरते. पॉलिस्टर हलके, लवकर सुकणारे. आत लेप दिला असेल तरच ते पाणी थांबवते. कापडावर उन्हापासून संरक्षणाचा उल्लेख आहे का तेही विचारावे, कारण साधे पॉलिस्टर दोन उन्हाळ्यांत विरते.

ज्यांना उन्हाळ्यापुरतीच सावली हवी, त्यांनी शेडनेट विसरू नये. आपल्याकडे रोपवाटिकेवर आणि भाजीपाल्यावर लावतात तेच हिरवे जाळीचे कापड. ५० टक्के, ७५ टक्के असे त्याचे प्रकार मिळतात, म्हणजे तितके ऊन ते अडवते. हवा त्यातून आरपार जाते, त्यामुळे गरम हवा अडकत नाही आणि वाऱ्याने ते फुगतही कमी. ताडपत्रीच्या वर हातभर अंतर सोडून शेडनेट ताणले तर खाली आणखी बरे वाटते.

गाडी उभी कशी करावी

सायबान कितीही चांगला असला, तरी गाडी चुकीच्या तोंडाने उभी केली तर दुपारनंतर ऊन तिरपे आत शिरते. दुपारचे ऊन पश्चिमेचे. म्हणून गाडी दक्षिणोत्तर उभी करावी आणि सायबान तिच्या पूर्व बाजूला काढावा. मग गाडीच पश्चिमेची भिंत होते. सायबान बहुधा गाडीच्या डाव्या अंगाला लावतात, म्हणजे रस्त्याच्या विरुद्ध बाजूला उतरता येते. डावी बाजू पूर्वेला हवी असेल तर गाडीचे तोंड दक्षिणेकडे करावे. सकाळी लवकर पोहोचणार असाल तर उलट, पण बहुतेक मुक्काम दुपारचेच असतात.

याचा आणखी एक फायदा आपल्या घरांना होतो. धाराशिवहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, साधारण ११ अंश कललेला आहे. गाडीच्या पूर्वेला सावलीत उभे राहिले की तोंड गाडीकडे येते. समोर गाडी असल्याने सुतऱ्याची सोय आपोआप होते, कुणी पुढून जात नाही. अडीच मीटर लांबीच्या सायबानाखाली चार जणांची एक सफ नीट मावते. उरलेल्या दोन बाजूंपैकी एका बाजूला जुनी चादर किंवा कनात लावली की बायकांना वजूची आणि बसण्याची आडोशाची जागा मिळते. सायबान घेताना बाजूचे पडदे सोबत मिळतात का ते म्हणूनच विचारायचे. दुकानदार त्यांना जादा सामान म्हणतो, पण पडद्यांवाचून निम्मे घर बाहेर उतरणार नाही.

वारा आणि पाणी : थोडा हिशेब

शाळेत मुलांना मी हे गणित घालते, इथेही मांडते. दोन बाय अडीच मीटरचा सायबान म्हणजे पाच चौरस मीटर कापड. ताशी २० किलोमीटरचा वारा त्यावर सरळ आदळला तर जोर साधारण नऊ-दहा किलोचा. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ४० च्या वाऱ्यात तो ३८ किलोच्या आसपास जातो, ६० च्या वाऱ्यात ८५. वळवाच्या पावसाआधी जी वावटळ येते तिच्यात सायबानाचे पाय हाताने धरून ठेवू असे कुणी म्हणत असेल तर हा आकडा त्याला सांगा.

पाण्याचे गणित आणखी सोपे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. २० मिलिमीटरची एक जोरदार सर आली आणि कापडाला उतार नसेल, तर पाच चौरस मीटरवर १०० लिटर साचू शकते. म्हणजे १०० किलो वजन, तेही आपल्या डोक्यावर. म्हणून एक कोपरा नेहमी फूटभर खाली ठेवावा. पाणी कुठून पडणार ते आपण ठरवावे, पावसावर सोडू नये.

मेखांचे तंत्र जमिनीप्रमाणे बदलते. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात तीच माती लोण्यासारखी होते. दोन्ही वेळी आखूड मेख टिकत नाही, दीड फुटाची लागते. बालाघाटच्या माथ्यावर मुरूम आणि खडक, तिथे मेख शिरतच नाही. तिथे २० लिटरचे पाण्याचे कॅन दोरीला बांधावेत. प्रत्येक कॅन म्हणजे २० किलो. मेख ठोकताना तिचे डोके सायबानापासून बाहेरच्या बाजूला कललेले असावे. सरळ ठोकलेली मेख ओढ बसली की उपटून येते.

ज्यांना हे शिकवावे लागत नाही

ताडपत्री बांधण्याचे खरे जाणकार पाहायचे असतील तर जाहिरात पाहू नये, ऊसतोड मजुरांचा फड पाहावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातली कुटुंबे ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रॉलीवर भांडी, शेळी, पोरे आणि वरून बांधलेली ताडपत्री. गाडीला बांधलेली सावली ती हीच. पुढे पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात चटया आणि प्लॅस्टिकच्या कोपीत राहायचे. ज्यांच्याकडे आपण कधी काही शिकायला जात नाही, त्यांच्याकडे या विषयातली सगळी विद्या आहे.

माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीची आई हंगामावरून परतल्यावर मुलीच्या दाखल्यासाठी शाळेत आली होती. बोलता बोलता तिला मी कोपीबद्दल विचारले. तिने जे सांगितले ते कोणत्याही माहितीपत्रकात नाही. कोपीचे तोंड वाऱ्याकडे करायचे नाही. भोवती वीतभर चर खणायचा आणि त्याचे तोंड उताराकडे काढायचे, म्हणजे पावसाचे पाणी अंथरुणात येत नाही. दोरी फार ताणायची नाही, कारण पहाटे दहिवराने ती आखडते आणि मग रिंग फाटते. काठीच्या टोकाला चिंधी गुंडाळायची, नाहीतर काठी प्लॅस्टिकला भोक पाडते. आणि चूल कोपीच्या आत कधी मांडायची नाही, कितीही थंडी असली तरी.

या सूचना मी वहीत उतरवून घेतल्या. सुताची किंवा तागाची दोरी ओली झाली की खरोखरच आखडते, नायलॉनची उलट सैल पडते. तिला हे कुणी शिकवले नव्हते. आपण ज्याला सहल म्हणतो तेच तिचे सहा महिन्यांचे घर. आपण मुलांना सायबानाखाली बसवू तेव्हा हेही सांगितले पाहिजे की वर्गातली कोणती मुले वर्षातले किती महिने अशाच कापडाखाली काढतात. मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून गावोगावी हंगामी वसतिगृहांची सोय केली जाते, तिथे आपल्या ओळखीचे मूल राहिले तर त्याची विचारपूस करावी.

आमच्या पिढीने तर ताडपत्री पहिल्यांदा पाहिली ती सहलीत नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबर आपल्या उमरगा-लोहारा भागातली गावेही उद्ध्वस्त झाली. त्यानंतर जिल्ह्यातली माणसे कित्येक रात्री छताखाली झोपायला धजत नव्हती. उघड्यावर, कापडाखाली झोपत होती. म्हणून म्हणते, चांगली ताडपत्री घरात असू द्यावी. सहलीला उपयोगी पडेल आणि वेळ आली तर शेजाऱ्यालाही.

टपाचे वजन आणि कायदा

टपावर किती वजन चालते ते गाडीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलेले असते. लहान गाड्यांत ते बहुधा ५० ते ७५ किलोच्या आत असते, आणि त्यात कॅरिअरचेही वजन धरायचे. सायबान, कॅरिअर, वर दोन बॅगा आणि गादी असे केले की मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही. टपावर भार वाढला की वळणावर गाडी जास्त कलते. नव्याने बसवलेल्या सायबानाचे नट-बोल्ट पहिल्या ५० किलोमीटरनंतर एकदा पान्याने तपासावेत.

कायद्याचेही लक्षात असू द्या. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, असे मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. म्हणून टपाला भोके पाडणे, वेल्डिंग करणे, सीट काढून पलंग ठोकणे असले उद्योग गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून करू नयेत. पान्याने सोडवून घरी ठेवता येईल एवढेच सामान घ्यावे, आणि शंका असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारावे. छोटा हत्ती किंवा पिकअपला ताडपत्री बांधून माणसे नेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. मालवाहू गाडीत अशी माणसे नेणे बेकायदा तर आहेच, अपघात झाला तर विम्यातही अडचण येते. ताडपत्री उतरल्यावर बांधायची, चालत्या गाडीत नव्हे.

सायबान सोडून कधी निघावे

वीज चमकली आणि गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, की सायबानाखालून उठायचे. धातूच्या काठ्यांखाली किंवा एकट्या झाडाखाली थांबायचे नाही. पक्के घर जवळ नसेल तर गाडीत बसून काचा बंद करायच्या. लोखंडी टपाची बंद गाडी विजेपासून बऱ्यापैकी संरक्षण देते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे अॅप विजेची आगाऊ सूचना देते. एप्रिल-मेमध्ये आणि पावसाच्या सुरुवातीला निघताना ते मोबाइलमध्ये असावे.

पडदे चारी बाजूंनी लावून आत शेगडी, कोळसा किंवा गॅस पेटवायचा नाही. कोळशाच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. माणूस झोपेतच जातो. एसीसाठी इंजिन सुरू ठेवून शेजारी पडदे लावून झोपणेही तितकेच घातक. स्वयंपाक सायबानाच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला करावा.

आणि लहान मूल किंवा झोपलेली दादी बंद गाडीत ठेवून कुणीही दूर जाऊ नये. उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान दहा अंशांनी वाढते. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. सायबान घ्यायचे एक मोठे कारण हेच, की कुणालाही गाडीत बसून राहावे लागू नये.

थांबण्याची जागा निवडतानाही तारतम्य हवे. महामार्गाच्या कडेला, नदीच्या कोरड्या पात्रात, विजेच्या तारांखाली सायबान काढू नये. किल्ला असेल तर आत मेखा ठोकू नयेत, बाहेर वाहनतळाच्या जागी विचारून थांबावे. शेतकऱ्याचा बांध असेल तर त्याला आधी सलाम-रामराम करून परवानगी घ्यावी. निघताना उष्टे, कागद, प्लॅस्टिक उचलून आणावे. त्या जागेवर पुन्हा जायचे आहे, आणि आपल्यानंतर येणाऱ्यालाही जायचे आहे.

घ्यायच्या आधी एक परीक्षा

पैसे देण्यापूर्वी किंवा परतीची मुदत संपण्यापूर्वी सायबान एकदा घराच्या अंगणात उभा करून पाहा. किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. घरातली बाई आणि एक मोठे मूल मिळून तो उभा करू शकतात का ते पाहा, कारण गाडी चालवून थकलेला माणूस पोहोचल्यावर आडवा होतो. वरून दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठून पडते ते पाहा. मग खाली एक खुर्ची ठेवा. सतरंजी नको, खुर्चीच, पाठीची आणि हातांची. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला तिच्यावर बसवा आणि अर्धा तास तिथेच चहा द्या. ऊन कुठून लागते, वाकावे लागते का, उठताना हात कुठे टेकतो, आडोसा पुरतो का, हे त्यांनाच विचारा.

त्यांनी ठीक आहे म्हटले तर घ्या. नाही म्हटले तर ताडपत्री, दोन काठ्या आणि तीच खुर्ची घेऊन निघा. पुढच्या वेळी बेत ठरवताना त्यांच्या तोंडून 'मी घरीच बरी' आले नाही, तर निवड बरोबर झाली असे समजावे.